फाईलीत 2.8 येतं, पण पोरांना आलं काय? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की आपल्या कॉलेजांमध्ये निकाल मोजला जातो, मुलं किती शिकली ते कोणी मोजत नाही. त्यावर एवढे मेल आणि पत्रं आलीत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय म्हणून फक्त गावं देतेय. मी स्वतः नाशकात बरीच वर्षं बीकॉमला शिकवलं आणि त्यात काही वर्षं आयक्यूएसीचं काम पाहिलं, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्तेची कागदपत्रं, वार्षिक अहवाल, नॅकची (कॉलेज तपासून ग्रेड देणारी संस्था) तयारी वगैरे, त्यामुळे जे सांगतेय ते बाहेरून बघून सांगत नाहीये.

पंचवटीहून एक प्राध्यापिका लिहितात: मॅडम नमस्कार, मी बीकॉमला कॉस्टिंग शिकवते, सीएचबीवर आहे, म्हणजे तासाप्रमाणे पगार. दर टर्मच्या शेवटी आम्हाला एक्सेल शीट येते, त्यात सीओ अटेनमेंट भरायची असते. माझ्या विषयाचं दरवर्षी 2.7 नाहीतर 2.8 येतं, सगळ्यांचंच येतं. पण वर्गात पुढच्या वर्षी तीच मुलं साधं कॉन्ट्रिब्युशन (विक्रीतून बदलता खर्च वजा) काढताना अडकतात. मग हा आकडा नेमकं सांगतो काय? आणि मी भरताना काही चुकतेय का?

तुमचं भरताना काही चुकत नाहीये, तुम्हाला जशी शीट दिली तशी तुम्ही भरताय. गडबड शीटमध्ये काय जातं तिथे आहे. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून जरा आधीपासून सांगते. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, एखादा विषय शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे त्याची चार-सहा वाक्यं. पीओ म्हणजे प्रोग्राम आउटकम, पूर्ण डिग्री झाल्यावर काय यायला हवं ते. मग प्रत्येक सीओ मुलांनी कितपत गाठला ते 1, 2, 3 असं मोजायचं. साधारण नियम असा ठेवतात की ठरवलेल्या मार्कांच्या वर 60 टक्के मुलं गेली तर लेव्हल 1, 70 टक्के गेली तर 2, 80 टक्के गेली तर 3. टार्गेट किती मार्कांचं ठेवायचं ते कॉलेजनेच ठरवायचं असतं, आणि पहिली फट इथेच पडते, कारण बऱ्याच ठिकाणी टार्गेट म्हणून पासिंगचेच 40 टक्के धरलेले असतात. पास होणं हेच टार्गेट असेल तर निकाल आणि अटेनमेंट एकच गोष्ट झाली ना, वेगळं कळणार काय त्यातून.

दुसरी फट इंटर्नलची. समजा वर्गात 60 मुलं आहेत. इंटर्नलच्या 30 मार्कांत सगळ्यांना 24, 25, 26 पडलेत, कारण इंटर्नलला मुलाला कोण अडवणार. तिथे लेव्हल 3. युनिव्हर्सिटीच्या 70 मार्कांच्या पेपरात टार्गेटच्या वर 38 मुलं गेली, म्हणजे 63 टक्के, लेव्हल 1. आता 30-70 च्या वजनाने धरा: 3 चे 0.9 आणि 1 चे 0.7, झाले 1.6. मग त्यात टर्मएंडला भरून घेतलेला सर्व्हे येतो, ज्यात मुलं सगळीकडे छान छान लिहितात, तो धरा 3. प्रत्यक्ष मोजमापाला 80 टक्के आणि सर्व्हेला 20 टक्के वजन दिलं की 1.28 अधिक 0.6, म्हणजे 1.88. बघा, पेपर सांगतोय 1 आणि फाईल सांगतेय जवळजवळ 2. कोणी खोटं लिहिलं नाही, प्रत्येकाने आपापला रकाना प्रामाणिकपणे भरला, तरी मूल जिथे आहे त्याच्या दुप्पट पुढे दिसायला लागलं. टार्गेट 40 वर आणून ठेवलं की तुमचे ते 2.8 पण आलेच.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. युनिव्हर्सिटीच्या पेपरात कुठल्या प्रश्नाला किती मार्क पडले हे संलग्न कॉलेजला कळतच नाही, फक्त एकूण मार्क येतात. मग आपण काय करतो, तोच एक आकडा पाचही सीओंना वाटून देतो. म्हणजे मुलाला बजेटिंग आलं पण मार्जिनल कॉस्टिंग आलं नाही हे त्या शीटमधून कधीच दिसणार नाही, पाचही रकान्यात एकच नंबर. प्रश्नवार बघायची सोय फक्त इंटर्नलच्या 30 मार्कांत आहे, आणि नेमके तेच मार्क आपण सरसकट वाटतो. जी एक खिडकी आपल्या हातात होती तिलाच आपण पडदा लावलाय असं मला वाटतं, आणि हे मी पण अनेक वर्षं केलंय म्हणून बोलतेय.

मग करायचं काय? शीट भरावीच लागेल, ती भरा. पण पूर्ण वर्षात फक्त एक सीओ निवडा, त्यावर एकच असा प्रश्न काढा जो पुस्तकात जसाच्या तसा नाही, आणि साठच्या साठ उत्तरं टेबलावर घेऊन बसा. मार्क नंतर द्या. आधी चूक कुठे झाली त्याप्रमाणे गठ्ठे करा. मी एकदा द्राक्षाच्या पॅकहाऊसचा ब्रेक इव्हन, म्हणजे किती पेट्यांना खर्च भरून निघतो ते, काढायला दिला होता, आपल्या पिंपळगाव-दिंडोरीकडचंच चित्र, पेटीमागे मजुरी, पेटीचा खोका, कोल्ड स्टोरेजचं भाडं, सुपरवायझरचा पगार. सूत्र जवळपास सगळ्यांना पाठ. पण निम्म्याहून जास्त मुलांनी पेटीमागची मजुरी फिक्स्डमध्ये, म्हणजे माल वाढला तरी न वाढणाऱ्या खर्चात, टाकली. मी आधी वैतागले, मग दोन-तीन मुलींना बोलावून विचारलं तर म्हणाल्या, मॅडम तुमच्या नोट्समध्येच आहे, पगार म्हणजे फिक्स्ड. आणि खरंच होतं तसं. मी पहिल्या पानावर उदाहरण म्हणून एवढंच लिहिलं होतं, मुलांनी त्याचा नियम केला. किती वर्षं मी ते पान झेरॉक्सला देत होते. कुठल्याही अटेनमेंटच्या आकड्याने मला हे सांगितलं नसतं, त्या गठ्ठ्याने सांगितलं. पुढच्या वर्षी ते पान काढून टाकलं, पहिल्या आठवड्यात मुलांना आपापल्या घरचा एक खर्च आणायला सांगितला, पिठाची गिरणी, चहाची गाडी, शेतातली फवारणी, आणि प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा, माल दुप्पट केला तर हा खर्च दुप्पट होईल का. मग टर्मएंडला तसाच पण वेगळा प्रश्न, आणि परत गठ्ठे.

आता हे सगळं अर्ध्या पानात लिहून ठेवा: काय विचारलं, काय दिसलं, काय बदललं, पुढच्या खेपेला काय दिसलं. सोबत चांगलं, मधलं आणि कच्चं अशी तीन उत्तरं झेरॉक्स करून लावा. नॅकच्या भाषेत ज्याला कृती अहवाल म्हणतात तो दुसरं काय असतो. सीएचबीवर असून तुम्हाला हा प्रश्न पडला, पूर्ण पगार घेणाऱ्या कितीतरी जणांना पडत नाही, म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, हे काम सोडू नका.

सिन्नरहून एक पालक विचारतात: मुलीची बारावी झाली, नाशिकला बीएस्सीला टाकायचंय. गंगापूर रोड, कॉलेज रोडला जिकडे बघावं तिकडे बोर्डावर ए प्लस, ए प्लस प्लस. याचा अर्थ तिथे शिकवतात चांगलं असा घ्यायचा का?

दादा, अर्धा घ्या. नॅक ही 1994 साली स्थापन झालेली संस्था, बंगळुरूला आहे, यूजीसीची. तिने सात निकषांवर कॉलेज तपासून 4 पैकी गुण द्यायचे, 3.51 पासून ए प्लस प्लस, 3.26 पासून ए प्लस, 3.01 पासून ए, मग खाली बी वगैरे, अशी ही पद्धत. त्या सातांत इमारत, लायब्ररी, संशोधन, कारभार, विद्यार्थ्यांच्या सोयी असं सगळं येतं. संलग्न कॉलेजांसाठी शिकवणं-शिकणं आणि मूल्यमापन या निकषाला 1000 पैकी 350 गुण होते, म्हणजे सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, पण त्यातसुद्धा शिक्षक किती, पीएचडी किती, निकाल किती टक्के असं बरंच बसतं, आणि मुलं प्रत्यक्षात काय शिकली हा त्यातला एक तुकडा. तेव्हा ग्रेड चांगली आहे म्हणजे कॉलेज नीट चालतंय, कागद जागेवर आहेत, एवढं समजायला हरकत नाही. ग्रेड कुठल्या वर्षी मिळाली तेही बघा, ती कायमची नसते आणि बोर्ड मात्र तसाच राहतो. शिवाय ग्रेडच्या जागी मान्यता आहे किंवा नाही एवढंच सांगायची बायनरी पद्धत आणणार असं नॅकने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं होतं, पुढे 1 ते 5 अशा लेव्हल, त्यामुळे या अक्षरांवर फार जीव टाकू नका.

त्यापेक्षा एक दिवस मुलीला घेऊन कॉलेजात जा, सुट्टीचा नको, चालू दिवस. तिला ज्या विषयात जायचंय त्या डिपार्टमेंटला जाऊन सांगा की एसवायच्या मुलांच्या तपासलेल्या जर्नल नाहीतर इंटर्नलच्या वह्या बघायला मिळतील का. त्यात नुसत्या लाल बरोबरच्या खुणा आणि सही आहे, का कुठे एखादं वाक्य लिहिलंय, ‘हे रीडिंग परत घे’, ‘ग्राफचं स्केल चुकलं’ असं. वीस जर्नल्समध्ये तेच निरीक्षण, तोच आकडा असेल तर तिथे प्रॅक्टिकल होत नाही, उतरवलं जातं. आणि जिन्यात भेटलेल्या दोन मुलींना विचारा की गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलं. मला हे बोर्डापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

आडगावहून इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक: आमच्याकडे एनबीए, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेची तपासणी, चालू आहे. सीओ-पीओ मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठला विषय कुठल्या पीओला किती हातभार लावतो त्या तक्त्यात, जिथे तिथे 3 टाका म्हणजे अटेनमेंट वर दिसते असं सांगितलं जातं. मॅथ्स-3 ला एथिक्सचा पीओ पण 3. काय करू?

नका टाकू. मॅपिंगमध्ये 3 म्हणजे या विषयात ती गोष्ट भरपूर शिकवली आणि तपासली जाते, असा तुमचा शब्द असतो. उद्या तपासायला आलेल्या टीममधल्या कोणी विचारलं की मॅथ्सच्या कुठल्या प्रश्नात एथिक्स तपासलं, तर दाखवायला काय आहे तुमच्याकडे. बरीच वर्षं 12 पीओ होते, ते बाराच्या बारा प्रत्येक विषयाने गाठावेत अशी अपेक्षा कधीच नव्हती, सगळे विषय आणि प्रोजेक्ट मिळून चार वर्षांत गाठायचे होते. रिकामा रकाना ठेवायला घाबरू नका. भारत जून 2014 मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशादेशांतल्या कराराचा, कायम सदस्य झाला तो याच जोरावर, की आपण मुलाला काय येतं हे तपासून डिग्री देतो. एथिक्स कुठे तपासता येईल विचाराल तर फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये, दुसऱ्याचा कोड, दुसऱ्याची रीडिंग्ज वापरली तर तसं सांगितलं का, टेस्ट फेल झाली ती रिपोर्टात लिहिली का. तिथे खुशाल 3 टाका आणि खरंच तपासा.

सुरगाण्याकडून एका ग्रामीण कॉलेजचे आयक्यूएसी समन्वयक: मॅडम, आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं आदिवासी पाड्यांवरची, घरात पहिलीच कॉलेजला आलेली. द्राक्षाच्या हंगामात घरच्यांबरोबर दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात, महिना-महिना वर्गात नसतात. आमचे आउटकमचे आकडे शहरातल्या कॉलेजांपुढे ठेवले की मान खाली जाते. नॅककडून तपासायला येणाऱ्या पीअर टीमपुढे आम्ही काय दाखवायचं?

सर, मान खाली घालायचं काहीच कारण नाही, फक्त तुम्ही जे मोजताय ते बदला. शहरातल्या कॉलेजात 85 टक्केवाला मुलगा येतो आणि 75 चा होऊन बाहेर पडतो, त्या 75 चं श्रेय कॉलेज घेतं. तुमच्याकडे जो कुठून येतो आणि कुठे पोचतो ते कोणी लिहूनच ठेवत नाही. शिकणं म्हणजे या दोन टोकांतलं अंतर. ते मोजायचं तर पहिल्या आठवड्यात एक छोटी टेस्ट आणि टर्मच्या शेवटी तीच किंवा त्याच तोलाची दुसरी टेस्ट, एवढंच लागतं.

याला चांगला आधार आहे. फिजिक्सवाल्यांनी 1992 मध्ये बल आणि गती याच्या मूळ कल्पनांवर एक टेस्ट तयार केली, आकडेमोड जवळपास नाही, फक्त समज तपासणारी. अमेरिकेत रिचर्ड हेक नावाच्या प्राध्यापकांनी 62 कोर्सेसमधल्या 6,542 विद्यार्थ्यांचे मुख्यतः याच टेस्टचे आधीचे आणि नंतरचे मार्क गोळा करून 1998 साली प्रसिद्ध केले. त्यांनी एक साधं सूत्र वापरलं: जेवढं यायचं बाकी होतं त्यातलं किती आलं. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत हे सरासरी 0.23 होतं आणि जिथे मुलांना वर्गातच बोलायला, करून बघायला लावलं तिथे 0.48, म्हणजे दुप्पट. आता हेच सूत्र तुमच्याकडे लावून बघा. समजा तुमच्या मुलांचे सुरुवातीला सरासरी 100 पैकी 20 आणि शेवटी 55. बाकी होते 80, त्यातले 35 मिळवले, 0.44 झालं. शहरातल्या एखाद्या वर्गात सुरुवातीला 65 आणि शेवटी 75. बाकी होते 35, मिळवले 10, म्हणजे 0.29. नुसते शेवटचे मार्क बघितले तर 75 वाले पुढे, शिकले मात्र तुमचे जास्त. हा तक्ता तुम्ही टीमपुढे ठेवा, आणि वर्गाच्या हजेरीबरोबर ठेवा, हंगामाला गेलेल्या मुलांचा वेगळा रकाना करून, कारण ते नुकसान कुठे आणि किती होतंय ते पण दिसायला पाहिजे. कदाचित त्यातून तुम्हालाच कळेल की युनिट टेस्ट हंगामाच्या ऐन मधे ठेवण्यापेक्षा अलीकडे ओढावी, गेलेल्या मुलांसाठी परत आल्यावर दहा दिवस जादा तास ठेवावेत. वेळापत्रक हलवणं हा पण गुणवत्तेच्या कामाचाच भाग आहे, माझ्या मते तुमच्याकडे तर तोच पहिला भाग.

दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या टेस्टचे मार्क कुठेही धरू नका आणि मुलांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ती बिचारी घाबरून एकमेकांचं बघून लिहितात आणि सुरुवात कुठून झाली तेच चुकीचं मोजलं जातं. दुसरं, त्या टेस्टचेच प्रश्न वर्षभर घोकून घेऊ नका.

आणि भाषेचं. हे मला कळकळीने लिहायचंय. कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा मुलगा आधी प्रमाण मराठी शिकतो, मग पुस्तकी मराठी, मग त्याला इंग्रजी शब्दांतलं अर्थशास्त्र किंवा विज्ञान. उत्तर कच्चं दिसलं की आपण म्हणतो विषय आला नाही. एकदा तोच प्रश्न तोंडी विचारून बघा, त्याच्या बोलीत सांगू द्या. मागणी आणि पुरवठा यावर परिच्छेद लिहिता न येणारी मुलगी तुम्हाला आठवडी बाजारात वरईचा भाव सकाळी किती, दुपारी किती आणि का, हे बिनचूक सांगेल. मग तिला विषय आलाय, लिहिणं यायचं बाकी आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीवर उपाय वेगळे. तपासताना विषयाचे आणि मांडणीचे मार्क वेगळे ठेवलेत तर तुमच्याच शिक्षकांना हा फरक दिसायला लागेल. तोंडी घेतलेल्या उत्तरांची एका ओळीची नोंद ठेवली तरी ती पुरावा म्हणून चालते, सगळं पानभर टाइप केलेलंच लागतं असं नाही.

निफाडहून रोज एसटीने नाशिकला येणारा टीवायचा विद्यार्थी: मॅम, आमच्याकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात, लिंक येते, हॉल तिकिटाच्या आधी भरायलाच लागतो. सगळे सगळीकडे 5 देऊन मोकळे होतात. मी पण देतो. याने काही होतं का?

तू खरं लिहिलंस हे बरं केलंस. असा भरलेला फॉर्म कोणाच्याच कामाचा नाही, शिक्षकाच्या पण नाही, कारण ज्याला खरंच सुधारायचंय त्याला सगळीकडे 5 बघून काय कळणार. पण तू आणि तुझे मित्र अगदी मन लावून भरलात तरी एक अडचण राहते, ती तुला सांगते. 2019 मध्ये हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गांवर एक प्रयोग झाला. काही मुलांना उत्तम लेक्चर दिलं, काहींना तोच भाग स्वतः गटात सोडवायला लावून शिकवला. टेस्टमध्ये सोडवणारी मुलं पुढे गेली, पण तुला किती समजलं असं विचारलं तर लेक्चरवाल्यांना वाटत होतं की आपल्यालाच जास्त समजलं. छान बोलणारे सर ऐकले की डोक्यात सगळं सरळ गेल्यासारखं वाटतं, स्वतः करायला लागलं की अडखळायला होतं आणि मग वाटतं आपल्याला काही येत नाही. म्हणून विद्यार्थ्याला कितपत आवडलं यावरून तो किती शिकला हे ठरवता येत नाही, आणि कॉलेजांनी या फॉर्मचा तेवढ्यासाठी वापर करू नये.

पण काय घडलं हे मात्र तुझ्याएवढं कोणालाच माहीत नाही. सिलॅबस किती झाला, पेपर तपासून परत मिळाला का, चूक समजावून सांगितली का. नॅक विद्यार्थ्यांना थेट मेलवर जो सर्व्हे पाठवतं त्यात 21 प्रश्न असतात, पहिलाच प्रश्न वर्गात सिलॅबस किती पूर्ण झाला हा, आणि पुढे एक प्रश्न असाही असतो की शिक्षक तुम्हाला कोर्स आउटकम, प्रोग्राम आउटकम सांगतात का. ते मेल आलं तर ते नीट वाचून, खरं तेच भर. शेवटचा प्रश्न मोकळा असतो, तिथे सूचना लिहिता येतात, तिथे दोन ओळी लिही.

आणि तुझ्या शिक्षकांना एक सुचवून बघ, वर्गाच्या वतीने, चांगल्या शब्दांत. तास संपताना दोन मिनिटं, अर्धी चिठ्ठी, नाव नाही, आज काय कळलं नाही ते एका ओळीत. पुढच्या तासाला पहिली पाच मिनिटं त्यावर. मी हे कितीतरी वर्षं केलं, खर्च शून्य, आणि टर्मएंडच्या फॉर्मपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण तुमची टर्म संपायच्या आत काहीतरी बदलतं. फॉर्म भरणारा निघून जातो आणि सुधारणा झालीच तर पुढच्या बॅचला मिळते, चिठ्ठीचा फायदा चिठ्ठी लिहिणाऱ्याला.

अंबड एमआयडीसीतून एक लघुउद्योजक: आम्ही दरवर्षी कॉलेजच्या एम्प्लॉयर फीडबॅकवर सही करतो. पण खरं सांगू का, फर्स्ट क्लासची मुलं येतात आणि साधा रिजेक्शनचा रिपोर्ट चार ओळीत लिहिता येत नाही, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, वाचता येत नाही. हे कॉलेजला सांगायचं कुठे?

त्याच फॉर्मवर, साहेब. तुम्ही सही करता तिथे ‘समाधानकारक’ वर टिक करून देता ना, तिथपासून बदल करा, टिकच्या ऐवजी हेच वाक्य लिहा, टॉलरन्स वाचता येत नाही. कॉलेजला तुमचं समाधान कळून काही उपयोग नाही, कुठे अडलं ते कळलं तर कोणीतरी ते मशीन ड्रॉइंगच्या सरांपर्यंत नेऊ शकतो. आणि किती मुलांना नोकरी लागली हा आकडा कॉलेजं शिकण्याचा पुरावा म्हणून दाखवतात, त्याबद्दल पण बोलते. मंदी आली, ऑटोच्या ऑर्डरी कमी झाल्या की नाशकात प्लेसमेंट पडतं, त्या वर्षीची मुलं काही कमी शिकलेली नसतात. प्लेसमेंट बघावं, पण वेगळ्या रकान्यात.

तुमच्याकडून मला जास्त काही हवंय. वर्षातून एकदा अर्धा दिवस काढा. तुमच्या शॉपमधलं एक खरं ड्रॉइंग, पार्टीचं नाव झाकून, आणि रिजेक्ट झालेले पाच जॉब घेऊन कॉलेजात जा. फायनलच्या मुलांना द्या, व्हर्नियर द्या, सांगा की कुठला जॉब का रिजेक्ट झाला ते चार ओळीत लिहा. तपासायच्या आधी कॉलेजचे दोन शिक्षक आणि तुम्ही तिघं बसून ठरवा की चांगलं म्हणजे काय. मोजमाप बरोबर घेतलं का, ड्रॉइंगशी ताडून बघितलं का, कारण सांगितलं का, वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलं का, या चार गोष्टी आणि प्रत्येकीत जमलं, अर्धवट, नाही जमलं अशा तीन पायऱ्या. यालाच रुब्रिक म्हणतात. मग मुलांनी लिहिलेल्यातले कुठलेही पाच पेपर तिघांनी वेगवेगळे तपासा, एकमेकांचं न बघता, आणि नंतर समोरासमोर ठेवा. पहिल्या खेपेला मार्क जुळणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगते, आमच्याकडे एकाच प्रोजेक्टला एकाने जमलं दिलं आणि दुसऱ्याने नाही जमलं. तिथून जो वाद होतो तो होऊ द्या. तुम्ही म्हणाल कारण महत्त्वाचं, सर म्हणतील मोजमाप महत्त्वाचं, आणि त्या वादातून मुलाला नेमकं काय शिकवायचंय ते पहिल्यांदा एका टेबलावर येतं. एकमत झाल्यावर बाकीचे पेपर तपासा, आणि तपासलेले पेपर मुलांना परत द्या, फाईलला झेरॉक्स लावा. तुमच्या जवळच्या कॉलेजने तयारी दाखवली तर मला कळवा, मी पहिल्या वेळी बसायला येईन.